‘अल्कधर्मी निचरा’ की चोपण लवण?

परभणीचे एक वाचक अमेरिकेच्या कोरड्या मुलखावरचा एक लेख मराठीत आणताहेत. एका प्रकरणाला त्यांनी शीर्षक दिलंय ‘ओलसर अल्कधर्मी वाळवंटी निचऱ्यांमधील झुडूप समुदाय’. ते त्यांना स्वतःलाच घशाखाली उतरेना. मित्राने ‘वाळवंटातली खारफुटी’ असं सुचवलं. यातलं काय घ्यावं, की आपल्याकडे दुसरा काही शब्द आहे, असा त्यांचा प्रश्न.

खारफुटी आधी बाद करू. या शब्दाबरोबर मराठी वाचकाला खाडी, भरती-ओहोटी आणि चिखल दिसतो. लेखातली जागा समुद्रापासून शेकडो मैल आत आहे. नेवाडा, युटा या राज्यांत पसरलेल्या ग्रेट बेसिनमधल्या नद्या समुद्राला मिळतच नाहीत. डोंगरावरचं पाणी सखल भागात येतं आणि तिथेच उन्हाने उडून जातं. मागे राहतात ते क्षार. वर जमीन कोरडी ठणठणीत, पण फार खोल न जाताच खाली पाणी लागतं. अशा जागी ग्रीझवूड नावाचं काटेरी, माणसाच्या उंचीच्या आसपास वाढणारं झुडूप दाटीने येतं. त्याची मुळं थेट भूजलापर्यंत जातात. पानं बारीक आणि गरदार. 1805 साली शोधप्रवासी मेरिवेदर लुईस याच झुडपाच्या मोंटानातल्या मुलखातून गेले तेव्हा रोजनिशीत त्यांनी या झुडपाला नाव न देता ‘गरदार पानांचा काटा’ अशाच अर्थाचं वर्णन लिहून ठेवलं. मला ते आजच्या नावापेक्षा जास्त आवडतं, पण तुम्ही ‘ग्रीझवूड’च ठेवा. ओढूनताणून मराठी नाव देऊ नका.

आता ‘वाळवंट’. कोशात अर्थ बरोबर आहे, पण मराठवाड्यात हा शब्द आधी नदीचा आहे. पैठणच्या वाळवंटात, तापलेल्या वाळूत रडणारं पोर नाथांनी कडेवर घेतलं, ही गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला ‘वाळवंटी ओहोळ’ वाचून गोदावरीचं पात्रच दिसणार. शिवाय ग्रीझवूडच्या जागी वाळूपेक्षा चिकणमातीच जास्त असते. ‘कोरडा मुलूख’ म्हणा, नाहीतर ‘ओसाड मुलूख’.

‘निचरा’ तर अगदी उलटा पडतो. निचरा म्हणजे पाणी निघून जाणं. इथे नेमका निचरा होत नाही म्हणून सगळं घडतं! मूळ शब्दाला इंग्रजीत पाणी वाहण्याची वाट, सखल पट्टा असाही अर्थ आहे आणि इथे तोच हवा. त्यासाठी ओहोळ, ओघळ, नाला हे आहेतच, पण आपल्या बोलीतलं ‘लवण’ सर्वांत जवळचं. दोन चढांमधला सखल भाग, जिथे पाणी येऊन मुरतं, ते लवण. ‘लवणातलं वावर’ म्हटलं की शेतकऱ्याला आणखी काही सांगावं लागत नाही. अडचण एकच: शिकलेला वाचक संस्कृत लवण, म्हणजे मीठ, असा अर्थ घेईल. खाऱ्या जमिनीबद्दल लिहिताना हा घोटाळा हमखास होणार. म्हणून पहिल्यांदा वापराल तिथे ‘लवणात, म्हणजे सखल पट्ट्यात’ असं लिहून टाका. पुढे मोकळं वापरा.

खरी मेख ‘अल्कधर्मी’त आहे. शब्द चुकीचा नाही, शाळेत तोच शिकवतात. पण हिंदीवरून काम करणारे तिथे ‘क्षारीय’ लिहितात, आणि मराठीत क्षार म्हणजे मीठ झालेलं असल्यामुळे वाचक खारट असं समजतो. जुन्या भाषेत असं नव्हतं. आयुर्वेदातला क्षार म्हणजे वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, ते पाणी आटवून काढलेला दाहक पदार्थ. आघाड्याचा क्षार असाच करतात. गंमत म्हणजे अरबीतून आलेल्या ‘अल्कली’ या शब्दाचं मूळही खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या राखेत आहे. आपल्या स्वयंपाकघरात हा जुना अर्थ अजून जिवंत आहे: पापडखार. तो मीठ नव्हे, अल्क. मंठ्याहून पलीकडे गेलं की लागणाऱ्या लोणारच्या सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी दोन्ही आहे. तिथल्या परिसरात काच आणि साबणाला लागणारा कच्चा माल मिळतो, अशी नोंद ऐन-ए-अकबरीत आहे.

मातीच्या बाबतीत मात्र शेतकऱ्याने हा भेद केव्हाच करून ठेवलाय. मीठ फुटलेली ती खारवट. अल्क वाढलेली ती चोपण. कृषी खात्याच्या पत्रकांतही हेच शब्द चालतात: सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमचं प्रमाण 15 टक्क्यांच्या वर गेलं की चोपण. पण आकड्यांआधी ती पायाला कळते. ओली असली की पाय सटकतो. डबक्यातलं पाणी दिवसेंदिवस गढूळच राहतं, कारण सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन तरंगत राहतात. तेच कण छिद्रांत बसले की पाणी खाली जात नाही. वाळली की अशी टणक होते की नांगराला वीतभराची ढेकळं निघतात. जायकवाडीच्या कालव्याखाली पाझराने रानं चिभडली, पाणी वर ओढलं गेलं, उडून गेलं आणि क्षार वर राहिले, तिथे हे सगळं पाहायला मिळतं. ग्रेट बेसिनमध्ये जे आपोआप होत आलं ते इथे कालव्याने केलं. ग्रीझवूड त्यात स्वतःही भर घालतं: खालून ओढलेला सोडियम पानांत साठतो, पानं गळतात आणि झुडपाखालची माती आणखी चोपण होते.

एक सावधगिरी. जमिनीवर आलेल्या क्षारांच्या पांढऱ्या थराला ‘पांढरी जमीन’ लिहू नका. आपल्याकडे काळी म्हणजे शेतं आणि पांढरी म्हणजे गावठाण. ‘क्षार फुटलेली’ किंवा ‘लोणा धरलेली’ लिहा.

‘समुदाय’ माणसांचा वाटतो. राई म्हटलं की मोठी झाडं येतात. एकाच जातीची दाटी असेल तर ‘बन’ चालतं, बाभूळबन म्हणतोच आपण. पण ग्रीझवूडबरोबर खारगवतं आणि मोरस या खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतीच्या कुळातली झुडपं मिसळून असतात, म्हणून मी ‘झुडपी रान’ घेईन. शीर्षक: ‘कोरड्या मुलखातल्या चोपण लवणांचं झुडपी रान’. ‘ओलसर’ गाळलं तरी चालेल, ते लवणात आलंच. तांत्रिक तक्त्यात हवं तर ‘अल्कधर्मी’ राहू द्या.

पुढच्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय की ग्रीझवूड जास्त खाल्लं तर मेंढ्यांना ‘किराळ लागते’. शब्द झकास, पण किराळ कोवळ्या ज्वारीची, तिचं विष वेगळं. इथे पानांतली ऑक्झलेटं कारण आहेत. ‘मेंढ्यांना बाधतं’ एवढंच पुरे.