एमएल ३५० सीडीआय : गिअरबॉक्स उतरवण्याआधी इंजिनाच्या वर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०११ ची मर्सिडीज एमएल ३५० सीडीआय, तुम्ही तिसरे मालक, पुण्यात रोजचा वापर. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथून तेल ठिबकतंय. गॅरेजवाले म्हणतात मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्ट इंजिनाबाहेर येतो तिथे तेल अडवणारं रबर) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. एवढा खर्च करायचा की गाडी काढून टाकायची?

आधी गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. माझ्याकडे याच पिढीची, याच इंजिनाची गाडी आहे आणि तिचंही निदान एका गॅरेजने अगदी हेच केलं होतं. क्रँक सील ठणठणीत होतं. तेल येत होतं वरून.

या गाडीतलं ओएम ६४२ हे २,९८७ सीसीचं व्ही-सिक्स डिझेल आहे. तीन-तीन सिलिंडरच्या दोन ओळींमध्ये जी खोबण असते, तिच्या तळाशी ऑइल कूलर बसवलाय. त्याच्यावर इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग), मागच्या अंगाला टर्बो. म्हणजे कूलरखालची रबरी सील वर्षानुवर्षं भट्टीतच असतात. ती कडक होतात, दाब सोडतात आणि तेल त्या खोबणीत साठायला लागतं. खोबणीच्या मागच्या टोकाला निचऱ्याचं भोक आहे. तेल तिथून बाहेर पडून इंजिनाच्या पाठीवरून ओघळतं आणि बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाच्या, जोडावर येऊन थेंब धरतं. गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघणाऱ्याला ते क्रँक सीलच वाटणार. यात मेकॅनिकची लबाडी असेलच असं नाही, पण फक्त खालून बघून गिअरबॉक्स उतरवायला निघणं चूकच.

खात्री करायला फार लागत नाही. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढा. इंजिनाची मागची बाजू आणि बेलहाउसिंग डीग्रीजर आणि ब्रशने स्वच्छ करून घ्या. प्रेशर वॉशर मारू देऊ नका, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की नवंच दुखणं सुरू होतं. इंजिन ऑइलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) टाका आणि एखादा घाट चढून या. खंबाटकी किंवा ताम्हिणी चालेल, इंजिन चांगलं तापलं पाहिजे आणि लोड आला पाहिजे. परत आल्यावर गाडी गार होऊ द्या, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूने बोरस्कोप, म्हणजे वायरच्या टोकाचा बारीक कॅमेरा, आत सोडा आणि यूव्ही टॉर्चने बघा. मोबाइलला जोडायचा साधा बोरस्कोपसुद्धा पुरतो. खोबणीत तेलाचं तळं दिसलं तर कूलरची सील गेली. खोबण कोरडी आणि तरीही बेलहाउसिंग ओलं, तरच क्रँक सीलचा विचार करा. गळतीत सर्वांत वरचा ओला भाग शोधायचा. खाली आणि मागे जे दिसतं ते बहुतेक वेळा वाऱ्याने पसरलेलं असतं.

इंजिनावरचं प्लॅस्टिक कव्हरही काढा आणि आणखी दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, टर्बोत हवा शिरते त्या तोंडाचं रबर सील. ब्रीदरमधून (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) येणारी तेलकट वाफ तिथूनच आत जाते, त्यामुळे सील ढिलं झालं की तेल झिरपतं, आणि ते पडतं नेमकं खालच्या इनटेक फ्लॅपच्या मोटरवर. मोटर तेलात भिजून मरते, चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी ओढत नाही. सील काहीशे रुपयांचं, मोटर मात्र चांगलीच महाग. हे सील दिसायला बरं असलं तरी बदला.

दुसरी गोष्ट इंजेक्टर. बुडाशी डांबरासारखा काळा, कडक थर दिसला तर ती ऑइलची गळती नाही. तांब्याच्या वॉशरमधून ज्वलनाचा वायू बाहेर येतोय. गार इंजिन सुरू केल्यावर बारीक 'फस फस' आवाज येतो का ते ऐका. हे लांबवलं तर तो थर दगडासारखा होतो आणि इंजेक्टर निघता निघत नाही. बसवताना वॉशर आणि पकडीचा बोल्ट दोन्ही नवे.

ब्रीदर तुंबला असेल तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि सगळीच सील घाम गाळायला लागतात. तो न तपासता नुसती सील बदलत बसलात तर वर्षभरात पुन्हा तिथेच.

आता कूलरचं काम. सील स्वस्त आहेत, पैसे जातात मजुरीत, कारण टर्बो आणि मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. घाई न करणाऱ्या माणसाला दीड-दोन दिवस लागतात आणि तेवढे द्याच. जुनी सील नारिंगी-लाल असत, सुधारित, व्हायटॉन या उष्णता सोसणाऱ्या रबराची, जांभळट येतात. जांभळटच घ्या आणि चॅसी नंबर देऊन मागवा. फायरवॉलकडचे एक्झॉस्टचे बोल्ट आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइलने भिजवून ठेवायला सांगा, तिथे बोल्ट तुटला तर काम दुपटीने वाढतं. कूलरमधून पाणीही फिरतं, म्हणून कूलंट आधीच काढायचं. मॅनिफोल्ड निघाल्याबरोबर इनटेकच्या तोंडांत स्वच्छ फडकी कोंबायची, नाहीतर काजळीचा खडा सरळ सिलिंडरमध्ये. खोबणीतलं तेल कूलर उचलण्याआधी ओढून घ्यायचं. कूलर बसतो ती जागा प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करायची, पॉलिश पेपर अजिबात नाही, कारण त्याचे कण तेलाच्या वाटेत जातात. सिलिकॉन लावायचं नाही. माझ्या मेकॅनिकने ट्यूब उघडली तेव्हा मी ती बाजूला ठेवायला लावली. जादा सिलिकॉन आत सुटलं की ऑइलच्या वाटा बुजवतं. बोल्ट आलटून-पालटून, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच आवळायचे.

एवढं सगळं उघडलंय तर मॅनिफोल्डची गॅस्केट, टर्बोच्या ऑइल रिटर्नचं सील आणि टर्बोच्या तोंडाचं ते सील, हे सगळं त्याच मजुरीत बसवून घ्या. मॅनिफोल्डमधली काजळीही काढा. काम झाल्यावर काही दिवस थोडं तेल ठिबकेल. कोपऱ्यांत साठलेलं असतं ते, लगेच गॅरेजवर धावू नका. खालचं कव्हर मात्र परत लावूनच गाडी घ्या. ते 'नंतर लावू' म्हणून कोपऱ्यात पडून राहतं आणि पावसाळ्यात सगळा चिखल बेल्टवर उडतो.

देखभालीचं म्हणाल तर ऑइल मर्सिडीजच्या एमबी २२९.५१ मान्यतेचंच, साधारण साडेआठ लिटर लागतं. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये मी १०,००० किमी किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलतो. लेव्हल कमी होते का बघताच, पण वाढते का तेही बघा. डीपीएफची (धुरातली काजळी धरणाऱ्या फिल्टरची) आपोआप होणारी सफाई सारखी अर्धवट राहिली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. लेव्हल वाढलेली दिसली तर ऑइल लगेच बदला आणि आठवड्यातून एकदा तरी एक्सप्रेसवेवर गाडी सलग पळवा. सात गिअरच्या बॉक्सचं ऑइल मी ६०,००० किमीला पॅन आणि फिल्टरसकट बदलतो. तिथे जुन्या बॉक्सला लाल, २३६.१४ चं आणि नंतरच्याला निळं, २३६.१५ चं ऑइल लागतं. २०११ ची गाडी नेमकी बदलाच्या काळातली, म्हणून चॅसी नंबरवरून खात्री केल्याशिवाय ओतू देऊ नका. गळती थांबवायची औषधं बाटलीतून मिळतात, ती घेऊ नका. रबर फुगवून चार दिवस झाकतात आणि चांगली सीलही बिघडवतात.

गाडी ठेवायची का? आरसीची १५ वर्षं आणि पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण डोक्यात ठेवून हिशेब करा. चॅसी गंजलेली नसेल, गिअर झटका देत नसतील, गार इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होत असेल, तर मी ठेवेन. हे इंजिन बुडापासून भक्कम आहे. त्याची रबरं म्हातारी होतात, आणि ती वयाने होतात, किलोमीटरने नाही. त्यामुळे कमी पळालेली दुसरी गाडी घेतलीत तरी हे काम तिथेही येणारच.

घाई किती, ते एवढ्यावर ठरवा. पार्किंगमध्ये थेंबभर डाग पडतोय आणि लेव्हल जागेवर आहे, तर दोन-तीन महिने पैसे जमवा. चढावर केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास येत असेल किंवा बॉनेटखालून धूर दिसला, तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

बोरस्कोपचे फोटो काढलेत की इथे टाका. खोबणीचा मागचा कोपरा आणि टर्बोच्या तोंडाखालची जागा, दोन्ही स्पष्ट येऊ द्या.