वाचकांचे प्रश्न : जुना ट्रॅक्टर घेताना आधी मागं जाऊन बघा

प्रश्न (पलूसहून एक वाचक) : नमस्कार सर. यंदा ऊस वाहतुकीचा करार करायचाय. चुलत्यांच्या दोन ट्रॉल्या पडून आहेत, फक्त ट्रॅक्टर पाहिजे आणि तो जुनाच घेणार. दोन बघून ठेवलेत. एक २०१६ चा ५५ एचपी, आजवर कारखान्यालाच चाललाय, मीटरवर ३,८०० तास, साडेचार लाख म्हणतोय. दुसरा २०१८ चा ४५ एचपी, एका शेतकऱ्याचा, नांगरट आणि रोटरलाच वापरलेला, चार लाख दहा. वडील म्हणतात ५५ च घे, ओढायला कमी पडायला नको. काय करू?

उत्तर : ओढायचं टेन्शन घेऊ नका दादा, सपाटीला ४५ वाला पण दोन ट्रॉल्या ओढतोय, हंगामात रोज बघताच की. अडचण भरल्या गाडीला थांबवायची आहे. भरलेल्या दोन ट्रॉल्या म्हणजे पंधरा-वीस टन कुठं गेले नाहीत, ट्रॅक्टर स्वतः दोन-सव्वादोन टनाचा, आणि ट्रॉल्यांना बहुतेक ठिकाणी ब्रेक नावाची गोष्टच नसते, म्हणजे उताराला ते सगळं वजन मागनं ढकलत येणार आणि अडवायला फक्त ट्रॅक्टरची मागची दोन चाकं. म्हणून वडील बरोबर आहेत पण कारण वेगळं आहे, ५५ घ्यायचा तो त्याच्या वजनासाठी, मोठ्या टायरसाठी आणि मोठ्या ब्रेकसाठी.

आता हा ५५ कारखान्याला चाललेला आहे, म्हणजे तो किती झिजलाय हे बघायला पाहिजे, आणि ते मीटरवर कळत नाही. मीटर बंद पडतो, बदलला जातो, केबल काढून ठेवतात. तुम्ही सरळ मागं जा आणि हुकापाशी उकिडवे बसा. पिन काढायला लावा आणि भोक बघा. नवीन असताना गोल असतं, दोन ट्रॉल्या ओढून ओढून ते लांबट होतं, पिनेच्या मधोमध पण खाच पडते, बोट फिरवलं की कळतं. मालकानं भोकात बुश (लोखंडी कडं) ठोकलं असेल किंवा वेल्डिंग भरून परत भोक पाडलं असेल तर समजायचं की मीटर काहीही म्हणू दे, गाडीनं लई ओढलंय. तिथनंच मान वर करून मागच्या एक्सलचं हाऊसिंग, म्हणजे त्याचं बाहेरचं लोखंडी कवच, बघा, बोल्टाच्या आजूबाजूला ताजा रंग मारलाय का, रंगाखाली वेल्डिंगची रेघ आहे का, चाकाच्या आतल्या बाजूला तेल ओघळलंय का. हाऊसिंगला तडा असेल तर चार लाखाला पण घेऊ नका, फुकट दिला तर विचार करा.

बघायला जाल ते सकाळी जा आणि आधी फोन करून सांगा की मी यायच्या आधी चालू करायचा नाही. गेल्या गेल्या सायलेन्सरला हात लावा, कोमट लागला तर मालकानं तुमच्यासाठी गाडी गरम करून ठेवलीय, थंड असताना ती कशी उठते ते त्याला दाखवायचं नाहीये. चालू झाल्यावर अर्धा तास चालवा, मग इंजिन ऑइलचं झाकण उघडा, तिथनं धूर भकाभका येत असेल तर पिस्टन-रिंगचं काम आलं. मागच्या गिअर ऑइलची काडी काढून बघा, तेल दुधी दिसलं तर पाणी शिरलंय, आणि हल्लीच्या बऱ्याच ट्रॅक्टरचे ब्रेक त्याच तेलात बुडालेले असतात. क्लचसाठी वरचा गिअर टाकून ब्रेक दाबून धरा आणि क्लच हळू सोडा, इंजिन बंद पडायला पाहिजे, निवांत चालूच राहिलं तर प्लेट संपली. ब्रेक मोकळ्या रस्त्यावर बघा, डाव्या आणि उजव्या चाकाची दोन्ही ब्रेक पेडल खटक्यानं जोडून, गाडी एका अंगाला ओढायला नको. हे शेतावर कुणी बघत नाही कारण तिथं वळायला एकच पेडल वापरायची सवय असते, पण ट्रॉली जोडून रस्त्यावर पेडल सुटं राहिलं आणि जोरात एकच दाबलं गेलं तर पुढं काय होतं ते कराड-तासगाव रस्त्यावर फिरणाऱ्याला सांगायला नको.

५५ वाला २०२३ च्या आधीचा आहे हे बरंच आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नवीन ट्रॅक्टरना धुराचे नियम कडक झाले, त्यामुळं त्यांच्यात बहुतेक इलेक्ट्रॉनिक डिझेल पंप आलाय आणि तो गावातल्या फिटरच्या हातचा नाही. तुमच्या ५५ चा पंप फिटर टपरीत बसून खोलेल.

कागदाचं थोडक्यात. आरसी वर बँकेचा बोजा आहे का बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या. ट्रॉल्यांचं पासिंग वेगळं असतं, चुलत्यांकडं कागद आहेत का ते आत्ताच विचारा. विमा शेतीवापराचा आणि तुम्ही दुसऱ्याचा ऊस भाड्यानं आणताय असं निघालं तर अपघातात कंपनी हात वर करायला बघते, पॉलिसी काढतानाच खरं काम सांगा.

माझं मत विचाराल तर हुक आणि हाऊसिंग चांगलं निघालं तर ५५ घ्या, क्लच किंवा टायर गेले असतील तर तेवढे पैसे तोडून घ्या, ते बदलता येतात. हाऊसिंग खराब असेल तर ४५ घेऊन यंदा एकच ट्रॉली जोडा, भाडं कमी मिळेल, मिळू दे. थांबायची तयारी असेल तर पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात घेणं सगळ्यात स्वस्त, तेव्हा हप्त्यानं टेकीला आलेले मालक स्वतः फोन करतात, दसऱ्याच्या तोंडावर मात्र तीच गाडी महाग होते. आणि एक न विचारलेलं सांगतो, आपल्याकडं वाहतूकदार बुडतो तो ट्रॅक्टरमुळं कमी आणि ऊसतोड मजूर आणणाऱ्या मुकादमाला आगाऊ दिलेल्या उचलीमुळं जास्त. तोडीची टोळी ठरल्याशिवाय ट्रॅक्टरचं टोकन देऊ नका.

प्रश्न (फलटणहून एक ताई) : माझा भाचा टेक्सासला असतो. बागकामाची मशीन न्यायला १०,००० पौंडांचा ट्रेलर ओढायचाय म्हणून जुना हेवी ट्रक घेतोय आणि तो चक्क पेट्रोलचा! आमच्या घरी सगळे हसतायत. त्याचं चुकतंय का?

उत्तर : नाही ताई, त्याचं बरोबर आहे, हसणाऱ्यांना सांगा. तिकडं फोर्ड एफ-२५०, शेवरले २५००, रॅम २५०० असे मोठे पिकअप पेट्रोलमध्ये सर्रास मिळतात, सहा लिटरच्या आसपासचं आठ सिलिंडरचं इंजिन. डिझेल जास्त ओढतं हे खरं, पण तिकडच्या डिझेल पिकअपला २००७ पासून धुराचा फिल्टर आला आणि २०१० च्या आसपास धूर साफ करायला युरियाची टाकी, जुन्या गाडीत ते बिघडलं की खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. आठवड्यातनं दोन-चार वेळा साडेचार टन ओढायला पेट्रोल पुरतं, फक्त इंधन जास्त पिणार.

त्याला एवढं सांगा. फोर्डमध्ये २०११ पासूनचं ६.२ लिटर बघ, त्याआधीचं ५.४ लिटरचं तीन व्हॉल्व्हवालं टाळ, त्याचे स्पार्क प्लग काढताना आतच तुटतात. शेवरलेचं ६.० लिटर साधं आणि टिकाऊ आहे. रॅमचं ६.४ थंड असताना टिकटिक करत असेल तर एक्झॉस्टचे बोल्ट तुटलेले असू शकतात. मागच्या एक्सलचा रेशो (गिअरचं प्रमाण) ३.७३ किंवा ४.१० असलेलाच घ्यावा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर गाडी स्वतःवर किती वजन पेलते ते लिहिलेलं असतं. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर येतो, म्हणजे त्याच्या बाबतीत १,००० ते १,५०० पौंड, आणि तो त्या आकड्यातनं वजा करायचा, वर माणसं आणि सामान वेगळं. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक पाहिजेत आणि त्याचा कंट्रोलर ड्रायव्हरच्या हाताशी. गाडी उत्तरेकडच्या बर्फाच्या राज्यातनं आलेली असेल तर खाली झोपून चासी बघायला सांगा, तिकडं रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्यानं लोखंड पोखरतं, खालनं ताजा काळा रंग मारलेला दिसला तर हातोडीनं ठोकून बघितल्याशिवाय पैसे मोजू नको म्हणावं.