इंटिग्रेशन टेस्टिंग: आधी कोणता सांधा तपासायचा?

तुमची पाच मॉड्यूल्स आहेत: ऑर्डर, पेमेंट, स्टॉक, बिलिंग आणि नोटिफिकेशन. सगळ्यांच्या युनिट टेस्ट, म्हणजे एकेका मॉड्यूलच्या स्वतंत्र चाचण्या, पास होतात, टीम तिघांची आहे आणि हातात सहा आठवडे आहेत. त्यात इंटिग्रेशन टेस्टिंग, म्हणजे मॉड्यूल्स एकमेकांना जोडून तपासणं, कसं करायचं: बिग बँग, टॉप-डाउन की बॉटम-अप, असं तुम्ही विचारलंय.

बिग बँग नको. पाच मॉड्यूल्स एकदम जोडली की त्यांच्यात दहापर्यंत सांधे तयार होतात. ऑर्डर अडकली तर नेमका कुठला निखळला, हे लॉग चाळूनच शोधावं लागतं. टॉप-डाउनमध्ये वरून सुरुवात करून खालच्या मॉड्यूल्सच्या जागी स्टब, म्हणजे ठरलेली उत्तरं देणारे नकली तुकडे, ठेवतात. बॉटम-अपमध्ये खालून वर येताना ड्रायव्हर, म्हणजे वरच्या मॉड्यूलच्या जागी खालच्याला चालवणारा तात्पुरता कोड, लिहितात. या दोन्हींतलं काहीही निवडा, फार बिघडत नाही. पण कुठला स्टब आधी काढून टाकायचा, हे मात्र आजच ठरवा.

कारण स्टब आपणच लिहितो. समोरचं मॉड्यूल कसं वागेल याबद्दलचा आपला समज त्यात उतरतो, आणि मग आपला कोड आपल्याच समजुतीवर पास होतो. माझ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये ऑर्डर मॉड्यूल रक्कम रुपयांत पाठवायचं आणि पेमेंट मॉड्यूल ती पैशांत आहे असं धरायचं. मी लिहिलेला स्टब कुठलाही आकडा घेऊन 'यशस्वी' म्हणायचा. तीन महिने सगळ्या टेस्ट पास होत होत्या. खरी मॉड्यूल्स जोडली त्या दिवशी ४९९ रुपयांच्या ऑर्डरला ४ रुपये ९९ पैसे कापले गेले.

याचं सर्वांत महागडं उदाहरण एरियान ५ चं. ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात, सुमारे ४० सेकंदांत, हे रॉकेट मार्ग सोडून फुटलं. दिशा-वेग मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून आणलेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यामुळे ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. राखीव यंत्रणेतही तोच कोड होता, त्यामुळे तीही बंद पडली. चौकशी अहवालातली एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते: संपूर्ण प्रणालीच्या चाचण्यांत ही खरी यंत्रणा जोडलेलीच नव्हती, तिच्या जागी सिम्युलेशन होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर स्टब.

'इंटरफेसचं डॉक्युमेंट नीट लिहू' एवढ्यानं भागत नाही. १९९९ मध्ये नासाने मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळयान गमावलं तेव्हा आकडे न्यूटन-सेकंदांत द्यायचे हे कागदावर होतंच, तरी जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर ते पाउंड-सेकंदांत देत राहिलं. कागदावरचा करार प्रत्येक बिल्डमध्ये, म्हणजे कोड नव्याने जुळवला की दर वेळी, टेस्ट म्हणून चालला पाहिजे.

म्हणून तुमच्याकडे पहिले दोन आठवडे फक्त ऑर्डर, पेमेंट आणि स्टॉक यांना द्या, आणि तिन्ही खरी जोडा. डेटाबेसही खराच घ्या, प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या प्रणालीवर) आहे त्याच आवृत्तीचा, डॉकरमध्ये, म्हणजे हवा तेव्हा उभारता येणाऱ्या वेगळ्या कप्प्यात. प्रॉडक्शनला पोस्टग्रेस आणि टेस्टला एचटू हा हलका डेटाबेस असेल, तर लॉकिंगच्या (एकाच नोंदीला दोघांनी एकदम हात लावण्याच्या) चुका हमखास निसटतात. सगळं सुरळीत चाललं तर काय होतं, त्याची एक टेस्ट पुरे. खरा वेळ घालवायचा तो इथे: पेमेंटचा कॉलबॅक, म्हणजे व्यवहाराचं काय झालं हे कळवणारा गेटवेचा संदेश, दोनदा आला तर? पैसे कापले गेले पण उत्तर यायच्या आत टाइमआउट झाला तर? शेवटच्या एका वस्तूसाठी दोन ऑर्डर एकाच क्षणी आल्या तर?

बाहेरच्या गेटवेला (प्रत्यक्ष पैसे कापणाऱ्या सेवेला) प्रत्येक बिल्डमध्ये गाठणं शक्य नसतं, तिथे स्टब राहू द्या. पण त्याच टेस्ट रोज रात्री गेटवेच्या सँडबॉक्सवर, म्हणजे खरे पैसे न कापणाऱ्या चाचणी-प्रतीवर, चालवा. दोन्हीकडची उत्तरं वेगळी आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आधी स्टब दुरुस्त करा.

बिलिंग तिसऱ्या आठवड्यात घ्या. तिथे पैशांच्या राउंडिंगकडे लक्ष ठेवा. नोटिफिकेशनचा स्टब पाचव्या आठवड्यापर्यंत खुशाल ठेवा. एसएमएस उशिरा गेला तर चालेल, पैसे दोनदा कापलेले ग्राहक विसरत नाही.

गेटवेचा कॉलबॅक सध्या ऑर्डर मॉड्यूल घेतं की पेमेंट, तेवढं कळवा. पहिल्या तीन टेस्ट कुठे लिहायच्या हे त्यावरच ठरेल.