डोक्याला मुका मार लागल्यानंतर झोप लागत नसेल, तर संगीतोपचाराचा उपयोग होतो का?

आपले बंधू तीन आठवड्यांपूर्वी दुचाकीवरून पडले, सीटी स्कॅनमध्ये काही निघाले नाही, तरी ते रात्रभर तळमळतात, असे आपण लिहिले आहे. संगीताचा उपयोग होतो, पण निवड आणि आवाज चुकला तर त्रास वाढतो, हे मी स्वानुभवाने सांगते.

दोन पावसाळ्यांपूर्वी घोडबंदर रस्त्यावर माझी स्कूटर घसरली. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदू हादरतो तेव्हा, त्याच्या कामात जो बिघाड होतो तो बहुधा स्कॅनमध्ये दिसत नाही, त्यामुळे माझाही अहवाल स्वच्छ आला. मात्र कुकरची शिट्टीसुद्धा असह्य व्हायची. तशात मी रात्री हेडफोन लावून ख्याल ऐकत असे. लहानपणापासून गाणे शिकल्यामुळे माझे मन समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) वाट पाहत राही आणि आलेली झोप उडे. अखेर उपयोगी पडला तो नुसता तानपुरा, कारण त्यात शब्द नाहीत, ताल नाही आणि पुढे काय येणार याची उत्सुकताही नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला लहान स्पीकर, रस्त्यावरच्या ट्रकचे आवाज जरा बोथट होतील एवढाच स्वर, आणि पाऊण तासाने तो आपोआप बंद. बंधूंना तानपुरा कंटाळवाणा वाटला, तर त्यांच्या आवडीचे संथ वाद्यसंगीत लावावे.

वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात १३ अभ्यासांतील १,००७ प्रौढांची माहिती आहे आणि संगीत ऐकल्याने झोपेची प्रत सुधारल्याचे त्यात आढळले. पण ती माणसे निद्रानाशाची होती, डोक्याला मार लागलेली नव्हेत. म्हणून अमुक राग हमखास झोप आणतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

उठण्याची वेळ ठरलेली असणे, सकाळचे ऊन (मी उपवन तलावापर्यंत हळूहळू चालत जाई), दुपारनंतर चहा बंद आणि दिवसा लांब झोप न घेणे, यांची जोड हवीच. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, बोलणे अडखळू लागले, आकडी (फिट) आली किंवा त्यांना जागे करणे कठीण झाले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आज रात्री फक्त दहा मिनिटे लावून पाहा, आणि आवाज नकोसा झाला तर लगेच बंद करून त्यांना शांततेत पडू द्या.