घरजमीन : गुंठ्यातला बंगला घ्यावा का?

प्रश्न : मोशीच्या पुढे एक गुंठ्यावर बांधलेला दुमजली बंगला फ्लॅटच्या भावात मिळतोय. मालक म्हणतात, सातबाऱ्यावर नाव लावून देतो, मीटर आहे, घरपट्टी नियमित भरलेली आहे. व्यवहार करावा का? (एक वाचक, भोसरी)

उत्तर : एवढा स्वस्त का, याचं उत्तर बहुतेक वेळा सातबाऱ्यातच असतं. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या पोर्टलवर 15 रुपयांत निघतो. आधी तो काढा, घर नंतर बघा. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असतं. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, सुमारे 1,076 चौरस फूट. गुंठा 1,089 चौरस फुटांचा. मालकाच्या नावापुढे साधारण एक आर एवढं स्वतंत्र क्षेत्र दिसतंय का ते पाहा. त्याऐवजी दहा-अकरा नावं कंसात आणि त्या सगळ्यांपुढे मिळून 0.11.00 असा एकच आकडा असेल, तर ते सामाईक क्षेत्र. तुकडेबंदी कायद्यामुळे एकेका गुंठ्याचे दस्त होत नव्हते, म्हणून अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे घ्यायचे आणि जागेवर चुना टाकून वाटून घ्यायचे, अशी ही रीत पडली. तुमचं नाव लागेल हे खरं. पण ‘हाच कोपरा माझा’ असं कोणत्याही सरकारी कागदावर येणार नाही. मोठ्या बँका अशा जागेवर सहसा कर्ज देत नाहीत, आणि उद्या तुमचा गिऱ्हाईकही याच कारणाने भाव पाडेल. अलीकडे तुकडेबंदीत शिथिलता आली आहे खरी, पण जमिनीचा व्यवहार नियमित झाला म्हणून त्यावरचं बांधकाम नियमित होत नाही.

घरपट्टीच्या पावतीवर तर मुळीच विसंबू नका. अनधिकृत घरालाही कर लागतो. पिंपरी-चिंचवडमध्ये 2023 साली शास्तीकर, म्हणजे अनधिकृत बांधकामावरचा दंडात्मक कर, माफ झाला, तेव्हा ‘आता घर अधिकृत झालं’ असं सांगून बरीच घरं खपवली गेली. माफ झाली ती शास्ती. मालकाकडून तीन कागद मागा : बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला). तिन्ही नसतील तर तुम्ही जमिनीचा अविभक्त हिस्सा आणि वर विटांचा ढीग घेताय, असं धरून किंमत ठरवा.

सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ हा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कूळ, बँकेचा बोजा, देवस्थान इनाम, न्यायालयातला दावा, यांची नोंद झाली असेल तर ती तिथे सापडते. वर ‘भोगवटादार वर्ग-2’ असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. त्यानंतर महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या गट नंबरचा झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा घ्या. तळवडे, रुपीनगर या बाजूला संरक्षण खात्याचा रेड झोन, म्हणजे बांधकामाला बंदी असलेला पट्टा, आहे, आणि नदीकाठी पूररेषा. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले 36 बंगले महापालिकेने 17 मे 2025 रोजी पाडले. हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला होता. त्या बंगल्यांतही माणसं राहत होती आणि वीजही होती.

हे सगळं जुळलं तरच वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च (जुन्या दस्तांची तपासणी), वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि भूमी अभिलेखकडून मोजणी, या क्रमाने जा. विसाराची मोठी रक्कम त्याआधी देऊ नका.

प्रश्न : 25 वर्षांच्या बंगल्याची रास्त किंमत कशी काढायची? एजंट बांधकामाच्या फुटाला फ्लॅटचा दर लावतोय. (एक वाचिका, वाघोली)

उत्तर : एजंटची पद्धत विकणाऱ्याच्या सोयीची आहे. फ्लॅटच्या दरात जमिनीचा वाटा आधीच धरलेला असतो. बंगल्यात जमीन आणि बांधकाम वेगळं मोजायचं, कारण जमिनीचा भाव वाढत जातो आणि बांधकाम झिजत जातं. समजा प्लॉट 2,000 चौरस फूट आणि आसपासच्या मोकळ्या प्लॉटचे नोंदलेले दस्त 6,000 रुपये दराने झालेत, तर जमीन 1 कोटी 20 लाखांची. बांधकाम 1,500 फूट, आज नव्याने बांधायला 2,200 दराने 33 लाख. आयुष्य 60 वर्षं आणि शेवटी उरणारी किंमत 10 टक्के धरली, तर 25 वर्षांची झीज होते सुमारे 12.4 लाख, उरले 20.6 लाख. बेरीज 1 कोटी 40 लाखांच्या आसपास. दर तुमच्या भागातले घाला, हिशेब हाच. मात्र 1,500 फूट मोजताना मंजूर नकाशा हातात ठेवा. नकाशात बाजूला मोकळी सोडलेली जागा प्रत्यक्षात पत्र्याखाली गेलेली असते, आणि तिथे मोरी व धुण्याचं मशीन असतं. ते क्षेत्र हिशेबात धरू नका.

बघायला पावसाळ्यात जा. डांबराचे थर चढत चढत रस्ता वर आणि अंगण खाली अशी कित्येक जुन्या बंगल्यांची गत झाली आहे. फाटकापाशी पाणी तुंबतंय का ते एका सरीत कळतं. छज्ज्याची खालची बाजू नाण्याने ठोका. पोकळ आवाज आला तर आतली सळई गंजून फुगली आहे आणि गिलावा सुटलाय. बाथरूमखालच्या स्लॅबचा रंग नवा असेल तर तो का दिला, ते विचारा.

प्रश्न : रो-हाउसवर आणखी एक मजला चढवता येईल का?

उत्तर : शिल्लक चटई क्षेत्र (एफएसआय, म्हणजे प्लॉटवर बांधायला मिळणारं क्षेत्र), सोसायटीचा ठराव आणि पायाच्या क्षमतेचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, तिन्ही असतील तरच. सामाईक भिंत असेल तर तुमच्या मजल्याचा भार शेजाऱ्याच्याही पायावर येतो, हे विसरू नका.

प्रश्न : बायकोच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात किती सूट?

उत्तर : एक टक्का. पुणे महापालिका हद्दीत 7 ऐवजी 6 टक्के. अट अशी की खरेदीदार फक्त महिला हवी. तुमचं नाव जोडलंत की सूट गेली. ती निवासी घटकाला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेल्या दराने येणारी किंमत) यांपैकी जी जास्त, तिच्यावर. नोंदणी फी किमतीच्या 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000.

प्रश्न : मालक अमेरिकेत, भाऊ कुलमुखत्यार. काय जपावं?

उत्तर : कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीसमोर किंवा अपोस्टिलसह (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला) केलेलं हवं, आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरलेलं हवं. त्यात ‘विक्री करणे, किंमत स्वीकारणे’ हे शब्द स्पष्ट आहेत का ते वाचा. नुसत्या ‘देखभाल’ करण्याच्या अधिकारावर खरेदीखत होत नाही. मालक अनिवासी असल्यामुळे 50 लाखांपुढच्या घरांना लागणारी 1 टक्का टीडीएसची (खरेदीदाराने किमतीतून कापून भरायच्या आयकराची) सोपी तरतूद इथे चालत नाही; कपात बरीच मोठी असते आणि ती न केल्यास वसुली खरेदीदाराकडून होते. मालकाने आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचा दाखला आणेपर्यंत अंतिम हप्ता रोखून धरा, आणि पैसे भावाच्या खात्यात नव्हे तर मालकाच्याच खात्यात टाका.