आठ महिन्यांत १४० वाचक: न्यूजलेटर चालू ठेवावं का, आणि वाढवावं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ महिने दर आठवड्याला न चुकता न्यूजलेटर पाठवताय, यादीत १४० वाचक आहेत, गेल्या महिन्यात ११ नवे आले आणि ६ निघून गेले. बाकीचे लोक महिन्याभरात हजार वाचक मिळाल्याचं सांगतात. मग आपलं कुठे चुकतंय, आणि हे असंच रेटण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे. तुम्ही दिलेल्या माहितीत मोठी चूक कुठेच दिसत नाही. मी २०१९ पासून रात्रीच्या आकाशाबद्दल दर आठवड्याला एक पत्र पाठवते. या आठवड्यात कोणता ग्रह कुठे दिसेल, कोणता तारा किती वाजता उगवेल, असं साधंच. पहिलं वर्ष संपलं तेव्हा माझ्याकडे २१२ वाचक होते. आज ३,१०० च्या थोडे वर आहेत. म्हणजे तुमचा वेग माझ्या पहिल्या वर्षाच्या वेगाच्या फार मागे नाही.

पण तुमच्या प्रश्नातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा ११ नाही, ६ आहे. त्याच्याकडे आधी बघू.

१४० मधले ६ म्हणजे महिन्याला साधारण ४ टक्के लोक जातात. आता असं धरा की दर महिन्याला ११ जण येतच राहिले आणि ४ टक्के जातच राहिले. यादी वाढत वाढत २७५ च्या आसपास पोचेल आणि तिथे थांबेल, कारण २७५ चे ४ टक्के म्हणजे ११. जेवढे येतील तेवढेच जातील. तुम्ही कितीही नेमाने लिहिलंत तरी आकडा हलणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की आपलं लिखाणच कमी पडतंय. आता जाणाऱ्यांचं प्रमाण ४ वरून २ टक्क्यांवर आणा. येणारे तेच ११. मर्यादा ५५० होते. एकही नवा माणूस न शोधता दुप्पट. मला हा हिशोब कळायला दोन वर्षं लागली, आणि तोवर मी सगळा जीव नवे लोक आणण्यात घालत होते.

मग लोक जातात का? माझ्या अनुभवात, ते आले कुठून यावर बरंचसं ठरतं. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले होते की त्यांच्यात जेमतेम एक दशांश अंशाचं अंतर उरलं होतं. १६२३ नंतर ते इतके जवळ कधी आले नव्हते. मी त्याबद्दल लिहिलेलं पत्र बरंच फिरलं आणि चार दिवसांत ६४० लोकांनी नाव नोंदवलं. मी हरखून गेले होते. फेब्रुवारी संपेपर्यंत त्यातले निम्म्याहून जास्त गेले. त्यांचं काही चुकलं नव्हतं, ते एका संध्याकाळचं दृश्य बघायला आले होते, ते बघून झालं. पण त्याच डिसेंबरमध्ये १९ जण असे आले होते ज्यांना कुणीतरी ओळखीच्या माणसाने माझं पत्र पुढे पाठवलं होतं, सोबत 'तुला हे आवडेल' एवढंच लिहून. त्या १९ मधले १६ जण आजही वाचतात.

तेव्हापासून मी नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारते: 'हे पत्र तुम्हाला कुठून कळलं?' उत्तर देणं सक्तीचं नाही, पण बरेच जण एखादी ओळ लिहितात. सहा महिन्यांत तुम्हाला स्पष्ट दिसेल की टिकणारे वाचक कुठल्या वाटेने येतात. मग त्याच वाटेवर वेळ घाला आणि बाकीच्या सोडून द्या. तीसेक दिवसांत हजार वाचक देणाऱ्या बक्षीस-स्पर्धा, 'नाव नोंदवा आणि अमुक फुकट मिळवा' वगैरे प्रकार मला पटत नाहीत ते याचमुळे. त्यातून येणाऱ्याला बक्षीस हवं असतं, तुमचं पत्र नको असतं.

आता एक गोष्ट जरा जवळून सांगते, कारण माझं पत्र खऱ्या अर्थाने वाढायला लागलं ते तिथून.

नवा वाचक आला की त्याला आपोआप एक स्वागताचा ईमेल जातो. माझा पूर्वी दोन ओळींचा होता, 'धन्यवाद, दर शुक्रवारी भेटू' असा. मग मी त्यात एक प्रश्न घातला: 'तुमच्या घरातून आकाशाचा कोणता भाग दिसतो? या ईमेलला उत्तर म्हणून लिहिलंत तरी चालेल, मी वाचते.' पहिल्याच आठवड्यात एकाने लिहिलं, 'पूर्वेकडची एक खिडकी आहे. समोर उंच इमारत, तिच्यावर मूठभर आकाश दिसतं. त्यात बघण्यासारखं काही असतं का?'

मी दोन दिवस त्या मूठभर आकाशाचा विचार करत होते. हात सरळ लांब धरून मूठ डोळ्यांसमोर आणली की ती आकाशाचे साधारण १० अंश झाकते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकताना दिसतं. म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या पट्ट्यातला) एखादा तारा मूठभर आकाश पार करायला साधारण ४० मिनिटं घेतो. मग मी तो आठवडा त्याच खिडकीवर लिहिला. आठ वाजता त्या पट्ट्यात काय असेल, पावणेनऊला काय येईल, आणि तोच तारा उद्या जवळपास चार मिनिटं आधी का दिसेल. बाकी काही नाही. एका माणसाला, त्याच्या खिडकीसाठी लिहिलेलं पत्र.

माझ्या सगळ्या पत्रांमध्ये आजवर सगळ्यात जास्त पुढे पाठवलं गेलेलं पत्र तेच आहे. अरुंद खिडकी असलेली माणसं पुष्कळ असतात, आणि प्रत्येकाला वाटलं की हे आपल्यासाठीच आहे. 'माझ्या वाचकवर्गाला काय आवडेल' असा विचार करून लिहिलेली माझी कितीतरी पत्रं मलाच आठवत नाहीत. तुमच्याकडे आज १४० माणसं आहेत. एवढ्या माणसांना तुम्ही नावानिशी ओळखू शकता, हे हजारांच्या यादीवाल्याला जमत नाही. प्रत्येक उत्तराला उत्तर द्या. त्यांचे प्रश्न वहीत लिहून ठेवा. माझी पुढच्या दोन-तीन महिन्यांची पत्रं बहुतेक वेळा त्या वहीतच असतात.

पत्र पुढे पाठवलं जावं असं वाटत असेल तर एक बारीक सोय मात्र करून ठेवा. पत्राच्या शेवटी एक ओळ हवी: 'हे तुम्हाला कुणी पाठवलं असेल आणि दर आठवड्याला हवं असेल, तर इथे नाव नोंदवा.' ही ओळ नसेल तर पत्र मिळालेल्या माणसाला यायला दारच नसतं. माझ्या पत्रात दीड वर्षं ती नव्हती. आणि हेही लक्षात असू द्या की पुढे पाठवलेल्या ईमेलमध्ये खाली 'अनसबस्क्राइब'ची जी लिंक असते ती मूळ वाचकाची असते. दुसऱ्याने ती दाबली तर पहिल्याचं नाव यादीतून जातं. त्यामुळे पत्राला वेबवरचं स्वतंत्र पान असेल आणि वर 'हे पुढे पाठवायचं असेल तर ही लिंक वापरा' असं लिहिलेलं असेल तर बरं. ती पानं सगळ्यांसाठी खुली ठेवा. शोधणारी माणसं तिथेही येतात, संथपणे, पण वर्षानुवर्षं.

आता माझ्या हातून झालेली चूक, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. २०२१ मध्ये मी एका कार्यशाळेत बोलले. आयोजकांनी नंतर हजर असलेल्यांचे साधारण ९०० ईमेल पत्ते मला दिले, 'यांना तुमचं पत्र आवडेल' म्हणाले. मी ते सरसकट यादीत घातले. त्या लोकांनी माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. बरेच पत्ते बंद पडलेले होते, तिथून ईमेल परत आले. कित्येकांनी 'स्पॅम' दाबलं, आणि ते अगदी बरोबर केलं. ईमेल सेवा अशा तक्रारी मोजतात आणि पाठवणाऱ्याची पत त्यावर ठरवतात. दोन आठवड्यांनी एका जुन्या वाचकाने दुसऱ्या मार्गाने विचारलं, 'तुमचं पत्र बंद झालं का?' बंद झालं नव्हतं, ते त्या वाचकाच्या स्पॅममध्ये पडत होतं. स्वतःहून आलेल्या माणसांपर्यंत मी पोचेनाशी झाले होते. ते ९०० पत्ते काढून टाकले, तरी गाडी रुळावर यायला तीन महिने लागले. आता माझ्याकडे नाव नोंदवलं की आधी एक ईमेल जातो आणि त्यातली लिंक दाबून होकार दिल्याशिवाय नाव यादीत चढत नाही. थोडे लोक तिथे गळतात. गळू देत.

तक्रारींचे आकडे किती बारीक असतात ते सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० किंवा जास्त ईमेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (ईमेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे तपासता यावं म्हणून असतात त्या) आपल्या डोमेनवर, म्हणजे ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर, लावाव्या लागतात, एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायच्या नसतात. ०.१ च्या खाली ठेवा असं गूगल सांगतं. म्हणजे हजारात एक. तुम्ही त्या ५,००० च्या जवळपासही नाही, पण त्या तिन्ही नोंदी आत्ताच लावून घ्या, तासाभराचं काम आहे. आणि 'अनसबस्क्राइब'ची लिंक बारीक अक्षरात लपवू नका. ज्याला जायचंय त्याला ती सापडली नाही की तो स्पॅमचं बटण दाबतो.

ओपन रेटकडे, म्हणजे किती टक्के वाचकांनी पत्र उघडलं या आकड्याकडे, फार बघू नका. तो आकडा ईमेलमधलं एक न दिसणारं चित्र उघडलं गेलं की नाही यावरून काढतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय दिली की वाचकाने ती चालू केली तर चित्रं आधीच, त्याने पत्र उघडण्याआधी, उतरवली जातात. त्यामुळे न वाचलेलं पत्रही वाचलेलं दिसतं. मी दर महिन्याला तीनच गोष्टी लिहून ठेवते: किती जणांनी उत्तर लिहिलं, किती जण गेले, आणि नवे आलेले कुठून आले.

नवे लोक आणण्यासाठी मी एकच गोष्ट नेमाने करते. महिन्यातून एकदा आपल्या विषयाच्या शेजारच्या विषयावर लिहिणाऱ्या कुणाला तरी पत्र लिहिते. पक्ष्यांवर लिहिणारी एक व्यक्ती आहे. रात्री स्थलांतर करणारे पक्षी ताऱ्यांवरून दिशा ओळखतात, यावर मी तिच्या वाचकांसाठी लिहिलं. त्यातून जे चाळीसेक लोक आले ते टिकले, कारण ते वाचणारे लोक होते आणि त्यांच्या विश्वासातल्या माणसाने माझं नाव घेतलं होतं. विचारताना आधी त्यांची पाच-सहा पत्रं खरोखर वाचा.

आणि यादीची प्रत दर महिन्याला उतरवून आपल्याजवळ ठेवा. ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये रेव्ह्यू ही न्यूजलेटरची सेवा विकत घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद केली. टायनीलेटर ही तशीच दुसरी सेवा फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी बंद झाली. ज्यांच्याजवळ पत्त्यांची प्रत होती ते आपले वाचक घेऊन दुसरीकडे जाऊ शकले.

दर आठवड्याला लिहिणं जड जात असेल तर पंधरवड्याने लिहा, पण तसं वाचकांना सांगून. दोन-तीन महिने न सांगता गप्प राहिलात तर लोक तुम्ही कोण तेच विसरतात, आणि परत आलेलं पत्र त्यांना अनोळखी वाटतं.

या आठवड्यात दुसरं काही करू नका, गेल्या महिन्यात आलेल्या त्या ११ जणांना एकेकाला स्वतंत्र ईमेल लिहा. चार ओळी पुरेत. तुम्ही कुठून आलात आणि या विषयात तुम्हाला सध्या काय अडतंय, एवढंच विचारा. गेलेल्या ६ जणांना मात्र लिहू नका, ते जाऊन मोकळे झालेत. अकरामधले तीन-चार तरी उत्तर देतील. काय लिहिलं ते इथे येऊन सांगितलंत तर पुढचं पत्र कशावर लिहावं याचा आपण मिळून विचार करू.