पाऊस उघडला, ऊन पडलं, आता गुरं-शेळ्या कशा सोडायच्या?

राम राम मंडळी. पाच दिवस झड लागली होती आणि आज सकाळी शहापूर-मुरबाड पट्ट्यात एकदम लख्ख ऊन पडलं, तेव्हापासून माझा फोन वाजतोच आहे, सगळ्यांचं एकच, साहेब जनावरं उन्हात सोडू का. तिघांचे प्रश्न इथे घेतोय, बाकीच्यांचे पण साधारण तेच आहेत.

मुरबाडचे एक दादा विचारतात, गुरं पाच दिवस गोठ्यात बांधून होती, आज दावी सोडली तशी वासरं शेपट्या वर करून माळावर उधळली, आणि एक गाय मात्र उन्हात डोळे मिटून उभी आहे, जागची हलत नाही, दिवसभर तशीच राहू दे का?

दादा, वासरं उधळली हे ऐकून खरंच बरं वाटलं, पाच दिवस शेणामुतात आणि ओल्यात उभं राहिलेलं जनावर अंग वाळलं की असंच करतं, त्यांना पळू द्या, फक्त बांधावरची घसरण बघा. गाईचं मात्र जवळ जाऊन बघा. ती रवंथ करतेय का, कान हलवतेय का, अंगावरची माशी शेपटीने उडवतेय का? तसं असेल तर ती ऊन खातेय, खाऊ द्या तिला. पण रवंथ बंद, कान पडलेले, नाक कोरडं आणि चालताना एखादा पाय लंगडतोय असं असेल तर तो तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप असू शकतो, हा ताप चावणाऱ्या बारीक माश्या-डासांमुळे पसरतो आणि पावसात तो कीटक वाढतोच. थर्मामीटर लावा, निरोगी गाईच्या अंगाचं तापमान साधारण १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं, एकशे तीनच्या वर गेलं तर उन्हात ठेवू नका, सावलीत घ्या आणि १९६२ ला फोन करा, फिरत्या पशुचिकित्सा गाडीचा तो नंबर आहे.

तब्येत चांगली असेल तर पहिल्या दिवशी नऊ ते अकरा, साडेअकरा एवढं ऊन पुरे. उन्हाने कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, त्यामुळे चाऱ्यातलं कॅल्शियम अंगी लागतं, वाढत्या वासरांना आणि गाभण गाईंना ते लागतंच. काहीजण गोठ्यावर पारदर्शक पत्रा टाकून म्हणतात ऊन येतंय की आत. उजेड येतो हो, पण जीवनसत्त्व बनवणारे किरण त्या पत्र्यातून बहुतेक येत नाहीत, त्यामुळे जनावर बाहेरच काढायला लागतं. आणि ते बाहेर असतानाच गोठा मोकळा करा, शेण-मूत खरडा, जमिनीवर चुन्याची भुकटी टाका, खिडक्या उघडा. आत शिरल्यावर डोळे चुरचुरले तर समजा जनावरांनी पाच दिवस तोच शेणामुताचा उग्र वायू श्वासात घेतलाय.

आता माझा सगळ्यात काळजीचा प्रश्न. शहापूरच्या एका ताईंनी फोटो पाठवलाय, पांढऱ्या-काळ्या गाईचे फक्त पांढरे पट्टे लाल होऊन सुजलेत, कातडी सुटतेय, काळा भाग एकदम ठीक आहे, आणि हे काल दुपारी थोडं ऊन आल्यावर सुरू झालं. त्या विचारतात, ऊन बाधलं का, हळद-तेल लावू का?

ताई, ऊन हे निमित्त आहे, मला संशय घाणेरीचा आहे. आपल्याकडे बांधाला, जंगलाच्या कडेला, वरकस जमिनीवर सगळीकडे ती माजलीय, काहीजण तिला टणटणी म्हणतात. एरवी गुरं तिला तोंड लावत नाहीत पण पावसात चारा कमी पडला, भूक लागली की खातात. तिच्यातल्या विषाने लिव्हर बिघडतं, मग जे शरीराबाहेर पडायला हवं ते रक्तातून कातडीत येतं आणि पांढऱ्या भागावर ऊन पडलं की तिथे भाजल्यासारखं होतं, काळ्या कातडीचा रंग उन्हाला अडवतो म्हणून तो वाचतो. म्हणून या गाईला आज ऊन नकोच, आधी अंधाऱ्या सावलीत बांधा आणि डॉक्टरांना बोलवा, डोळे पिवळे दिसतायत का आणि शेण बांधून आलंय का तेही सांगा त्यांना. हळद-तेलाने कातडीला थोडा आराम पडेल पण लिव्हरला काही नाही, त्यात वेळ घालवू नका. बाकीच्या गुरांना घाणेरीच्या बाजूला सोडायच्या आधी घरी पेंढा खाऊ घाला.

पेंढ्यावरून आठवलं, भिजलेला पेंढा उन्हात वाळवून घालतात ना बरेचजण. नुसता ओला झालेला असेल तर वाळवा, चालतं. पण काळी-पांढरी बुरशी चढली असेल, वास येत असेल तर फेकून द्या, ऊन बुरशी सुकवतं पण तिने सोडलेलं विष जात नाही.

तिसरे आहेत पडघ्याकडचे एक काका, तबेला आहे, पंधरा म्हशी. त्यांचं म्हणणं, ऊन चांगलं म्हणून काल बाहेर बांधल्या तर तासाभरात धापा टाकायला लागल्या, संध्याकाळी दूध पण कमी झालं. काका, म्हशीचं कातडं काळं आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी, त्यात पावसानंतरची दमट हवा, म्हणून गाईचं टाइमटेबल म्हशीला लावायचं नाही. सकाळी लवकर अर्धा-पाऊण तास ऊन, मग झाडाखाली किंवा शेडमध्ये, पिण्याचं पाणी सतत समोर, आणि तोंड उघडून जीभ बाहेर आली तर लगेच अंगावर पाणी मारा. डुंबायला नेत असाल तर वाहतं किंवा स्वच्छ पाणी बघा, साचलेल्या डबक्यात शंखाच्या गोगलगायी असतात, त्यांच्यापासून चपटे कृमी होतात.

शेळीवाल्यांना थोडक्यात. गवतावरचं पाणी उडेपर्यंत चरायला नेऊ नका, ओल्या पात्यावर जंताची अळी चढून बसलेली असते. आणि कोवळं गवत पोटभर खाऊ दिलं तर पोटफुगी आणि आंत्रविषार (आतड्यात विष तयार होण्याचा आजार) होतो, आधी सुका चारा द्या, मग सोडा.

एक गोष्ट राहिली, मुरबाड-माळशेज रस्त्यावरच्या गावांना मुद्दाम सांगतोय. पावसानंतर सगळ्यात आधी डांबर वाळतं आणि गरम होतं, म्हणून शेळ्या आणि वासरं तिथेच येऊन बसतात, संध्याकाळ झाली तरी उठत नाहीत कारण डांबर अजून उबदार असतं. अंधार पडायच्या आत मोजून आत घ्या.